रबरी हातपाय, पांढरे हातमोजे आणि विचार करणारं चित्र

प्रश्न असा आलाय: १९२० ते १९३५ च्या काळातली अमेरिकन कार्टून पाहिली तर सगळ्या पात्रांचे हातपाय हाडं नसल्यासारखे वळतात, डोकी-पोटं गोल गोल असतात आणि बहुतेकांच्या हातात पांढरे मोजे असतात. ही ठरवून घेतलेली शैली होती, की त्या लोकांना तेव्हा नीट चित्रं काढता येत नव्हती? आणि त्याच धर्तीची दोन मिनिटांची फिल्म करायची असेल तर अभ्यास कुठून सुरू करावा?

मी या कामात आलो तेव्हा मुंबईत अजून कागदावर ॲनिमेशन होत होतं आणि सेल, म्हणजे पारदर्शक पत्रे, रंगवले जात होते. पहिली दोन वर्षं मी फक्त इनबिट्वीन काढली, म्हणजे सीनिअर माणसाने काढलेल्या दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रं. या जुन्या फिल्म्स मी तेव्हापासून फ्रेम-फ्रेम थांबवून पाहत आलोय. त्यामुळे उत्तर लांबेल, पण जे सांगतोय ते हाताने करून पाहिलेलं आहे.

आधी ‘येत नव्हतं’ हा समज काढून टाकू. विन्सर मॅके नावाचा वर्तमानपत्रात चित्रं काढणारा माणूस १९११ मध्ये पहिली फिल्म करतो, १९१२ मध्ये डासावर एक करतो आणि १९१४ मध्ये ‘गर्टी द डायनोसॉर’. गर्टी एकदा नीट पाहा. ती पाय टाकते तेव्हा खालची जमीन दबते. तहान लागली की अख्खं तळं पिऊन टाकते. ओरडा बसला की लहान मुलीसारखी रडते. आडवी झाली की पोट वर-खाली होतं, आणि त्या श्वासाची गती बरोबर यावी म्हणून मॅकेने स्वतःचा श्वास घड्याळ लावून मोजला होता. तेव्हा सेल नव्हते. पातळ कागदावर प्रत्येक चित्र वेगळं आणि मागचे डोंगर, तळं, दगड हेही प्रत्येक कागदावर पुन्हा गिरवलेले. ते गिरवण्याचं काम जॉन फिट्झसिमन्स नावाच्या कलाशाखेच्या मुलाने केलं. म्हणून त्या फिल्ममध्ये डोंगराच्या रेषा सतत थरथरतात. डोळ्यांना ती थरथर एकदा दिसली की तिच्यामागचे कष्टही दिसायला लागतात.

मॅके ही फिल्म रंगमंचावर स्वतः उभा राहून दाखवायचा. हातात चाबूक घेऊन गर्टीला हुकूम सोडायचा, तिच्याकडे फळ फेकायचा आणि शेवटी पडद्यामागे जाऊन चित्ररूपात तिच्या पाठीवर बसून निघून जायचा. त्याची कामाची पद्धत आजही आपण वापरतो: आधी मुख्य पोझेस काढायच्या, मग त्यांच्या बरोबर मधलं चित्र, मग पुन्हा त्यांच्या मधलं. मी दोन वर्षं जे काम केलं त्याची मुळं तिथे आहेत. (आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये आगकाड्या फ्रेम-फ्रेम हलवून एक छोटी फिल्म केली होती. गर्टीनंतर जेमतेम एका वर्षाने.)

म्हणजे १९१४ मध्येच वजन, हाडं, श्वास, स्वभाव, सगळं जमलेलं होतं. मग दहा वर्षांनी पडद्यावर नळीचे हातपाय का आले? कारण मॅके एका फिल्मला महिनोन् महिने देत होता आणि थिएटरांना दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला नवं कार्टून हवं होतं.

इथे धंदा शिरला. जॉन रँडॉल्फ ब्रेने कामाचे तुकडे पाडून स्टुडिओ उभा केला. अर्ल हर्डने १९१४ मध्ये पारदर्शक सेलचं पेटंट मागितलं. पार्श्वभूमी एकदाच रंगवायची आणि हलणारं पात्र तेवढं वरच्या पारदर्शक पत्र्यावर काढायचं. ब्रे आणि हर्ड एकत्र आले आणि १९३२ पर्यंत बाकीचे स्टुडिओ त्यांना या पद्धतीचे पैसे भरत राहिले. राऊल बारेने कागदाला भोकं पाडून खुंट्यांवर बसवायची रीत आणली, तोच आपला पेग बार. मॅके कागदाच्या कोपऱ्यात फुल्या काढून कागद जुळवत असे. खुंट्या आल्यावर तो त्रास संपला.

आता हिशेब मांडा. ध्वनी आल्यावर फिल्मचा वेग सेकंदाला २४ फ्रेम ठरला. सात मिनिटांच्या कार्टूनला दहा हजारांवर फ्रेम लागतात. एक चित्र दोन फ्रेम धरलं, ज्याला आपण ‘टूज’वर काम करणं म्हणतो, तरी पाच हजार चित्रं झाली. मूकपटांच्या काळात वेग कमी होता, चित्रं थोडी कमी लागायची, पण माणसंही मूठभर होती. अशा वेळी पात्राचा आकारच असा लागतो की तो चटकन काढता येईल, कुठल्याही बाजूने सारखाच दिसेल आणि चार वेगवेगळ्या माणसांनी काढला तरी बिघडणार नाही. गोल हा असा आकार आहे. मी आजही मुलांना शिकवताना बांगडी आणि नाणं टेबलावर ठेवतो.

नळीच्या हाताचं नेमकं काय होतं ते लाइटबॉक्सवर, म्हणजे खालून उजेड येणाऱ्या काचेवर, करून बघा. खरा हात काढायचा तर खांदा, कोपर, मनगट असे तीन सांधे सांभाळावे लागतात. प्रत्येक चित्रात दंडाची लांबी तेवढीच राहिली पाहिजे, हात समोर येत असेल तर ती नेमकी किती आखूड दिसेल हे कळलं पाहिजे, आणि एका जरी चित्रात कोपर चार मिलिमीटर सरकलं तर पडद्यावर हात उडी मारतो. नळीच्या हातात दोनच बिंदू: खांदा आणि पंजा. मध्ये एक वळण. पंजा पुढे नेला की वळण आपोआप मागे राहतं, पंजा थांबला की वळण पुढे येऊन उलटं फिरतं. मोजायला काहीच नाही, फक्त लय सांभाळायची. पहिल्यांदा मी असा हात बारा चित्रांत हलवला आणि कागद फ्लिप केले, तेव्हा कळलं की हे नुसतं सोपं नाहीये, हे फार सुंदर आहे. कोपर मोडून जे मिळतं ते पाण्यातल्या वेलीसारखं हलणं आहे, आणि ते खऱ्या हाताने कधीच मिळत नाही. सोय म्हणून सुरू झालेली गोष्ट काही हातांत कला झाली, माझ्या मते तुमच्या पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर हेच.

हे वळण रुळवण्याचं श्रेय बहुतेक वेळा बिल नोलनला दिलं जातं. पॅट सलिव्हनच्या न्यूयॉर्कच्या स्टुडिओत त्याने फेलिक्स मांजराला कोनांतून काढून गोलांत बसवलं. फेलिक्स १९१९ मध्ये पहिल्यांदा पडद्यावर आला तेव्हा त्याचं तोंड टोकदार होतं आणि नावही मास्टर टॉम होतं. पाट्यांवर नाव सलिव्हनचं लागायचं, पण त्याला हलवणारा आणि आज बहुतेक अभ्यासक ज्याला त्याचा निर्माता मानतात तो ओटो मेसमर. सलिव्हन मूळ ऑस्ट्रेलियाचा, त्यामुळे तिकडे यावर अजून वाद होतो. मी मेसमरच्या बाजूचा आहे, कारण फिल्ममधला स्वभाव त्याच्या हातचा वाटतो. त्याने त्याआधी चार्ली चॅप्लिनची कार्टून केली होती आणि खांदा, भुवई, पावलं यांवरून माणूस कसा ओळखू येतो हे तिथे तो शिकला.

फेलिक्स पूर्ण काळा का, याचं उत्तर मेसमरनेच दिलेलं आहे: काळ्या अंगाला आतल्या रेषा काढाव्या लागत नाहीत आणि भरीव काळा आकार पडद्यावर जास्त चांगला हलतो. इथेच हातमोज्यांचंही अर्धं उत्तर आहे. काळ्या अंगासमोर काळा हात आला की दिसेनासा होतो. मिकी १९२८ च्या ‘स्टीमबोट विली’त मोज्यांशिवाय आहे. त्या फिल्ममध्ये त्याचा हात छातीसमोर येईल तिथे थांबवून पाहा, अडचण लगेच समजेल. १९२९ मध्ये त्याला मोजे मिळाले. चार बोटंही त्याच हिशेबातली. पाच हजार चित्रांत प्रत्येक हाताचं एक बोट वाचवणं म्हणजे किती काम वाचलं, ते शाईने गिरवणाऱ्या मुलींना विचारावं लागलं असतं. सेलवर शाई आणि रंगाचं काम अमेरिकेत बहुतांशी बायकाच करत, आणि त्यातल्या फार थोड्यांना पुढे ॲनिमेटरच्या टेबलावर बसायला मिळालं. फ्लायशर स्टुडिओची लिलियन फ्रीडमन ही त्या थोड्यांपैकी एक.

मोज्यांचं उरलेलं अर्धं उत्तर कडू आहे आणि ते झाकून शैली शिकवणं मला पटत नाही. त्या काळच्या अमेरिकेत गोरे नट तोंडाला काळं फासून, ओठ रुंद रंगवून, पांढरे मोजे घालून काळ्या लोकांची नक्कल करत. असे खेळ गावोगाव चालायचे. काळं अंग, रुंद तोंड, मोठे डोळे, पांढरे मोजे हा साचा कार्टूनवाल्यांच्या डोळ्यांसमोर होता आणि तो त्यांनी उचलला. ह्यू हार्मन आणि रुडॉल्फ आयझिंग यांच्या बॉस्कोची नोंदणीच एका काळ्या मुलाचं पात्र म्हणून झाली होती. १९३० मध्ये ‘लूनी ट्यून्स’ची सुरुवात याच बॉस्कोने झाली. तेव्हा तुमच्या फिल्ममध्ये मोजे घाला, पण तोंड आणि बोलण्याची ढब कुठून येते हे माहीत असू द्या.

आता मी ज्या गोष्टीसाठी या फिल्म्स पुन्हा पुन्हा पाहतो तिच्याकडे येतो. फेलिक्स अडचणीत सापडला की काय करतो? हात पाठीमागे बांधतो, मान खाली घालतो आणि येरझाऱ्या घालतो. चार पावलं उजवीकडे, वळण, चार पावलं डावीकडे. मग थांबतो. डोक्यावर प्रश्नचिन्ह येतं. तो त्या प्रश्नचिन्हाकडे बघतो, हात वर करून ते पकडतो आणि त्याचाच अडकवायचा हूक म्हणून वापर करतो. शेपूट काढून काठी करतो. ही युक्ती गमतीची आहेच, पण युक्तीच्या आधीची ती येरझार जास्त मोलाची आहे. ती पाहताना प्रेक्षकाला वाटतं की हे चित्र स्वतःच्या डोक्याने काहीतरी ठरवतंय. हलणारी चित्रं १९०६ पासून होती, त्या वर्षी ब्लॅकटन नावाच्या माणसाने फळ्यावरचे चेहरे हलवून दाखवलेच होते. पण ते चेहरे हलवले जातात. गर्टी हुकूम ऐकून क्षणभर थबकते, मानू की नको असा, आणि मग पाय उचलते. फेलिक्स येरझाऱ्या घालतो. तिथे पात्र जन्माला आलं, असं मला वाटतं.

ध्वनीने यात काय बदललं ते थोडक्यात. ‘स्टीमबोट विली’ ही पहिली ध्वनी कार्टून फिल्म नव्हे. मॅक्स फ्लायशर १९२४ पासून गाण्यांच्या ओळींवर उड्या मारणाऱ्या चेंडूच्या फिल्म्स करत होता आणि त्यांतल्या काहींना ध्वनी होता. पॉल टेरीची एक ध्वनी फिल्मही विलीच्या थोडी आधीच आली होती. डिस्नेच्या लोकांनी वेगळं केलं ते असं की ताल आधी ठरवला आणि चित्रं त्याच्यावर बसवली. त्या वेळी वॉल्ट डिस्नेच्या हातून त्याचं आधीचं पात्र, ओस्वाल्ड ससा, नुकतंच गेलं होतं, कारण करारानुसार पात्राचा हक्क वितरकांकडे होता. त्याचा ॲनिमेटर अब आयवर्क्सने सशाच्या जवळपास त्याच शरीरावर गोल कान बसवले आणि मिकी तयार झाला. विल्फ्रेड जॅक्सन या तरुणाने मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक ठोके देणारं यंत्र, आणला. सेकंदाला २४ फ्रेम हे पक्कं असेल तर १२ फ्रेमला एक ठोका म्हणजे मिनिटाला १२० ठोके, इतकं सरळ गणित. अर्धी फिल्म तयार झाल्यावर त्यांनी स्टुडिओतच रात्री प्रयोग केला: आवाज ऐकू येऊ नये म्हणून प्रोजेक्टर खिडकीबाहेर, जॅक्सन माउथ ऑर्गन वाजवतोय, आयवर्क्स ताल बडवतोय, आणि प्रेक्षक कोण, तर घरच्या बायका. न्यूयॉर्कला पहिलं रेकॉर्डिंग फसलं, वाद्यवृंद चित्राबरोबर राहीना. दुसऱ्या वेळी फिल्मवरच तालासाठी उडणारा ठिपका छापला आणि संचालकाने त्याच्याकडे बघून वाजवून घेतलं. १८ नोव्हेंबर १९२८ ला न्यूयॉर्कच्या कॉलनी थिएटरमध्ये ती लागली.

त्या तालाच्या हिशेबासाठी जो तक्ता लागला, कुठल्या फ्रेमला कुठलं चित्र आणि कुठला ठोका, तो एक्स्पोजर शीट आपल्यापर्यंतही पोचला. १९५६ मध्ये डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स मुंबईत फिल्म्स डिव्हिजन या सरकारी फिल्म संस्थेत शिकवायला आले. आपले ॲनिमेटर राम मोहन त्यांच्याकडे शिकले आणि त्या पिढीकडून पुढची पिढी शिकली. मी पहिल्यांदा एक्स्पोजर शीट भरला तेव्हा सरांनी मला पेन्सिल टेबलावर ठोकून आधी ताल मोजायला लावला होता. हे कुठून आलं ते मला फार नंतर कळलं.

डिस्नेच्या पलीकडे न्यूयॉर्कमध्ये फ्लायशर बंधूंचं जग होतं आणि मनापासून सांगायचं तर मला तेच जास्त आवडतं. मॅक्सने रोटोस्कोप काढला, म्हणजे खऱ्या माणसाची फिल्म फ्रेम-फ्रेम गिरवायची. त्याचं पेटंट १९१७ मध्ये मिळालं. भाऊ डेव्ह विदूषकाचा पोशाख घालून नाचला आणि त्यातून कोको हा कार्टून विदूषक आला. त्यांच्या जगात टेबल, दिवा, भिंत कोणीही अचानक जिवंत होऊन गायला लागतं. १९३० मध्ये ग्रिम नॅटविकने बेटी बूप काढली तेव्हा ती कुत्र्याचे कान असलेली गायिका होती, पुढे त्या कानांची कर्णभूषणं झाली. हेलन केन या गायिकेने ‘हा माझा आवाज आणि माझी ढब’ म्हणून अडीच लाख डॉलर्सचा दावा लावला. न्यायालयात असं पुढे आलं की तशी गाण्याची पद्धत बेबी एस्थर या काळ्या गायिकेची आधीपासूनच होती, आणि १९३४ मध्ये केन हरली. त्याच वर्षी सिनेमांची आचारसंहिता कडक झाली, बेटीचा झगा लांब झाला आणि तिच्यातली गंमत ओसरली. तुम्ही पाहायची ती आधीची बेटी. १९३३ च्या ‘स्नो-व्हाइट’मध्ये कोको भूत होऊन गातो. ते कॅब कॅलोवे या गायकाच्या नाचावरून गिरवलेलं आहे आणि तरीही पाय मध्येच बाटली होतात, साखळी होतात. खऱ्या हालचालीचं वजन आणि रबराचं स्वातंत्र्य एकाच देहात कसं राहू शकतं, याचं याहून चांगलं उदाहरण मी पाहिलेलं नाही.

रबराचा काळ संपला तो आकारांतली हवा बदलली म्हणून. डिस्नेच्या १९३३ च्या ‘थ्री लिटल पिग्ज’मध्ये तिन्ही डुकरं दिसायला सारखी आहेत, पण चालण्यावरून तुम्ही आळशी कोण आणि कष्टाळू कोण ते सांगू शकता. १९३४ मध्ये तिथल्याच नॉर्म फर्ग्युसन या ॲनिमेटरने मिकीच्या कुत्र्याला, प्लूटोला, माशा पकडायच्या चिकट कागदात अडकवलं. कागद नाकाला, मग पायाला, मग पाठीला चिकटतो आणि प्रत्येक वेळी प्लूटो थांबून ‘आता काय करू’ हे चेहऱ्याने ठरवतो. सांधे परत आले, कातडी परत आली, पण फेलिक्सची येरझार तिथेही आहे.

तर अभ्यास असा करा. गर्टी, मग फेलिक्सच्या दोन-तीन मूक फिल्म्स, मग ‘स्टीमबोट विली’, १९२९ ची ‘द स्केलेटन डान्स’, फ्लायशरांची ‘स्नो-व्हाइट’ आणि शेवटी प्लूटोचा चिकट कागद, याच क्रमाने. आधी आवाज बंद करून पाहा, मग फ्रेम-फ्रेम पुढे सरकवा. मूक फिल्म्सच्या बाबतीत एक सावधगिरी: नेटवर मिळणाऱ्या बऱ्याच प्रती चुकीच्या वेगाने उतरवलेल्या असतात. कधी हालचाल घाईची दिसते, कधी मध्येच फ्रेम दुप्पट झालेल्या असतात. त्यावरून टायमिंग मोजू नका, पोझेस तेवढ्या उतरवून घ्या. टायमिंगसाठी ध्वनी फिल्म्स वापरा, तिथे २४ पक्के आहेत.

पात्र स्वतःचं करा. १९२८ चा मिकी १ जानेवारी २०२४ पासून अमेरिकेत कॉपीराइटमधून मोकळा झाला असला तरी ट्रेडमार्क वेगळी गोष्ट आहे, आणि मुळात दुसऱ्याच्या पात्रावर हात बसत नाही. दोन मिनिटं म्हणजे २८८० फ्रेम, टूजवर १४४० चित्रं. ठोका १२ फ्रेमचा धरा आणि सगळी पावलं त्याच्यावर टाका. जुना दिसावा म्हणून वरून ओरखडे आणि दाणे घालण्याचा मोह होईल. तो शेवटच्या दिवसासाठी ठेवा, नाहीतर हालचालीतल्या चुका त्याच्याखाली दडतात.

आणि फिल्मला हात घालण्याआधी हा एक अभ्यास करा. एक गोल डोकं, एक गोल पोट, चार नळ्या, दोन ठिपक्यांचे डोळे. समोर उंच फळीवर एक डबा. पात्र येतं, डबा बघतं, हात पोचत नाही. आता ४८ फ्रेम, म्हणजे चोवीस चित्रं, त्याला जागेवरून हलू देऊ नका. फक्त डोळे, पापण्या आणि मान. आधी डोळे डब्याकडे, मग जमिनीकडे, एक उघडझाप, मग डोळे बाजूच्या स्टुलाकडे, आणि डोळे तिकडे पोचल्यानंतर चार फ्रेमने मान. मानेच्या आधी डोळे हलले पाहिजेत, हा क्रम उलटू देऊ नका. सरांनी माझ्याकडून हे पाच वेळा करून घेतलं होतं. पाचव्या वेळी कागद फ्लिप करून त्यांनी नुसतं ‘हं, याला सुचलं’ म्हटलं आणि पुढचा सीन दिला. तुमची ती चोवीस चित्रं झाली की स्कॅन करून पाठवा, मी बघून सांगतो.